डासांचं पंचांग

मराठवाड्यातल्या गावाचा इतिहास सांगायला बसलं की माणसं ठरलेल्या पायऱ्या चढत जातात. निजामाचं राज्य, रझाकार, १७ सप्टेंबर १९४८, मग बहात्तरचा दुष्काळ, मग जायकवाडीचं पाणी आणि शेवटी सोयाबीन. आमच्या वालूरचा इतिहासही असाच सांगतात. त्यात फार तर बारवांची भर घालतात. गावात जुन्या दगडी बारवा आहेत. त्यातली गोल, भोवऱ्यासारखी फिरत पाण्याकडं उतरणाऱ्या पायऱ्यांची बारव बघायला आता लांबलांबून माणसं येतात. या सगळ्या इतिहासात डास मात्र कुठंच नसतो. आमच्या घरातली गेलेली माणसं मोजली तर रझाकारानं एकही नेलं नाही, दुष्काळानं कुणी नेलं नाही, तापानं मात्र तिघं नेली. आजोबांचा धाकटा भाऊ आणि आजीची पहिली दोन लेकरं. तिघंही पावसाळा सरता सरता गेली. म्हणून डासालाही इतिहासात जागा द्यावी असं मला फार दिवसांपासून वाटतं.

आमच्याकडं डासाला मच्छर म्हणायचे, आणि मच्छर चावतो एवढीच त्याच्याबद्दल तक्रार असायची. तापाचा आणि त्याचा संबंध आजीच्या पिढीनं जोडला नव्हता. ताप यायचा तो 'नव्या पाण्याचा'. मृगाचा पाऊस पडला, ओढ्याला गढूळ पाणी आलं, विहिरीला पाझर फुटला की आजी आम्हा पोरांना बजावायची, "इहिरीत उतरू नको रे बाप्पा, नवं पाणी बाधतंय." मघा नक्षत्र लागलं की तिचा धाक वाढायचा. स्वाती सरेपर्यंत तो टिकायचा. दिवाळी झाली की मग विहिरीत कितीही उड्या मारा, ती काही बोलायची नाही.

हिव कसं यायचं ते आजी हाताच्या बोटांवर सांगायची. दुपारी अंग मोडून यायचं, मग दातावर दात. घरातल्या सगळ्या गोधड्या अंगावर टाकल्या तरी खाट हलायची. तासाभरात हिव उतरून अंग तव्यासारखं तापायचं. मग घाम फुटायचा, गोधडी भिजायची आणि माणूस मोकळा. दुसऱ्या दिवशी तेच माणूस शेतात. तिसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा हिव. असा पाळीनं येणारा ताप महिना-दोन महिने राहिला की डाव्या बरगडीखाली पोट टणक व्हायचं. त्याला म्हणायचे पांथरी वाढली. पांथरी वाढलेली लेकरं लगेच ओळखू यायची. हातपाय काड्या, पोट पुढं आणि डोळे पिवळट. औषध म्हणजे कडुनिंबाचा पाला, गुळवेलीचा काढा आणि शहरात जाणाऱ्या कुणाच्या हातून मिळालीच तर कोयनेलची गोळी. ती इतकी कडू की आजीच्या म्हणण्याप्रमाणं 'ताप परवडला'.

आता मागं वळून बघताना वाटतं, नव्या पाण्याचं आजीचं गणित फार चुकलं नव्हतं. महिने बरोबर होते, जागाही बरोबर होती. पाण्यातून ताप येतो हेही अर्धं खरं होतं. फक्त पाणी आणि माणूस यांच्या मधला दोन पंखांचा जीव तिला दिसला नव्हता. जगातल्या मोठमोठ्या डॉक्टरांनाही तो फार उशिरा दिसला. मलेरिया या शब्दाचा मूळ अर्थच खराब हवा. दलदलीवरच्या हवेनं ताप येतो असं युरोपातले विद्वान शतकानुशतकं मानत होते.

तो जीव पहिल्यांदा नीट दिसला तो आमच्याच राज्यात, निजामाच्या हद्दीत. सिकंदराबादजवळच्या बेगमपेठला रोनाल्ड रॉस नावाचा इंग्रजी फौजेचा डॉक्टर होता. त्याचा जन्म अल्मोड्याचा, १८५७ चा. हुसेन खान नावाच्या तापकरी रुग्णाला त्यानं पाळलेले डास चावू दिले. मग ते डास एकेक करून फाडून सूक्ष्मदर्शकाखाली बघितले. २० ऑगस्ट १८९७ या दिवशी ठिपकेदार पंखांच्या एका डासाच्या पोटाच्या भिंतीत त्याला हिवतापाच्या जंतूच्या गाठी दिसल्या. पुढच्या वर्षी कलकत्त्यात पक्ष्यांवर प्रयोग करून त्यानं डासातून जंतू कसा पुढं जातो ते दाखवलं. त्याच सुमाराला इटलीतल्या संशोधकांनी माणसाचा हिवताप ॲनोफिलिस जातीच्या डासातूनच पसरतो हे सिद्ध केलं. १९०२ साली रॉसला नोबेल पारितोषिक मिळालं.

रॉसच्या शोधानंतर दोन-चार वर्षांतच सिकंदराबाद ते मनमाड रेल्वे झाली. ती आमच्या सेलूवरून जाते. ज्या गावात तापाचं कोडं सुटलं त्या गावाहून सुटलेली गाडी रोज आमच्या तालुक्याच्या स्टेशनात थांबायची. गाडीतून कापूस जायचा, कापड यायचं, पुढं यात्रेकरू आणि नोकरदार आले. रॉसची बातमी काही आली नाही. आजीची दोन लेकरं गेली त्याला रॉसचा शोध लागून चाळीसहून जास्त वर्षं झाली होती.

डासाचं वर्ष नक्षत्रांवर कसं बसतं ते मला पुढं कळलं. नोकरीतून मोकळा झाल्यावर मी या विषयावर मिळेल ते वाचलं, हिवताप विभागात आयुष्य काढलेल्या दोघा-तिघांशी बोललो आणि माझ्या वहीत डासाचं एक पंचांगच मांडलं. ते असं.

उन्हाळ्यात, म्हणजे चैत्र-वैशाखात, आमच्या काळ्या रानात हिवतापाचा डास फार उरत नाही. ओढे कोरडे, ओहोळ कोरडे, ऊन चाळीसच्या वर आणि हवेत ओल नाही. अशा हवेत डासाचं अंग वाळून जातं. मग तो कुठं राहतो? विहिरीत, आडात, नदीच्या पात्रात उरलेल्या एखाद्या डोहात, आणि दिवसा गोठ्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात. आपल्याकडच्या खेड्यांत हिवताप पसरवणारा मुख्य डास म्हणजे ॲनोफिलिस क्युलिसिफेसिस. त्याला गटार चालत नाही. स्वच्छ, संथ पाणी लागतं. विहीर, पाट, ओढ्यातलं डबकं ही त्याची घरं.

मृग आणि आर्द्राचा पाऊस पडला की त्याला जागा वाढते. पण मोठा पाऊस डासाचा मित्र नाही. धो धो पाऊस झाला की ओढ्यातल्या अळ्या वाहून जातात. डासाला हवी असते पावसानंतरची उघडीप. आमच्या भागात पाऊस मधेच दहा-पंधरा दिवस दडी मारतो. त्या दिवसांत शेतकरी आभाळाकडं बघतो, आणि ओढ्याच्या प्रत्येक खळग्यात, बैलाच्या खुरानं पडलेल्या खड्ड्यातसुद्धा, पाणी नितळत असतं. आमची काळी जमीन पाणी लवकर सोडत नाही. अंड्यातून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. उघडीप डासाच्या एका पिढीला नेमकी पुरते.

एक मादी एका खेपेला शंभराच्या आसपास अंडी घालते. मासे, बेडूक, इतर किडे आणि ऊन यांनी बहुतेक संपवली आणि शंभरातल्या पाच माद्या जरी जगल्या, तरी एकीच्या पाच, पाचाच्या पंचवीस, पंचवीसच्या सव्वाशे. तीन पिढ्यांना महिना-दीड महिना लागतो. मृगात एक मादी उडाली तर श्रावणात सव्वाशे उडतात. म्हणून पावसाळा सुरू झाल्या झाल्या ताप येत नाही, मघा-पूर्वात येतो.

याच्या पुढचा हिशेब मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. डास खूप झाले म्हणून ताप खूप होतो, असं सरळ नाही. तापकरी माणसाला चावलेल्या मादीच्या पोटात जंतू वाढून तिच्या लाळेत उतरायला साधारण दहा-बारा दिवस लागतात. तेवढे दिवस ती जगली तरच तिचा चावा विषारी. हवेत ओल असताना रोज शंभरातल्या वीस माद्या मेल्या, तर बाराव्या दिवशी सात उरतात. त्या सातजणी घात करतात. पण कडक उन्हाळ्यात रोज निम्म्या मरत असतील, तर बाराव्या दिवशी दहा हजारांतल्या दोन-तीन उरतात. डास तोच, माणूस तोच, फरक फक्त आयुष्याचा. भाद्रपद-आश्विनात हवा दमट, ऊब बेताची, ओढे संथ. डास पुष्कळ आणि म्हातारे. म्हणून हस्त-चित्रात घरोघर खाटा हलायच्या. हिवाळ्यात गारठा पडला की डासाच्या पोटातल्या जंतूची वाढ रेंगाळते, फार थंडीत थांबतेच, आणि तापाची साथ ओसरते. आजीची विहिरीवरची बंदी दिवाळीनंतर उठायची ती म्हणूनच, तिला कारण ठाऊक नसलं तरी.

मग पुढच्या पावसाळ्यापर्यंत जंतू कुठं राहतो? माणसात. हिवतापाच्या एका जातीचा जंतू माणसाच्या यकृतात महिनोन् महिने निजून राहतो आणि पुन्हा उठतो. बरं झालेलं माणूस मधेच एक दिवस थडथड उडायला लागायचं. घरचे म्हणायचे, जुनं हिव उलटलं. उलटलेलं हिव म्हणजे पुढच्या साथीचं बी. शेतकरी जसं बियाणं घरात राखून ठेवतो तसं हे बी आमच्याच अंगात राखलेलं असायचं.

जनावरांचंही यात काम आहे. या डासाला माणसापेक्षा गुरांचं रक्त जास्त आवडतं. आमच्या जुन्या माळवदाच्या घरात दारातून आत आलं की एका बाजूला बैल, दुसऱ्या बाजूला आम्ही. बैलाला चावायला आलेला डास चार हातांवर निजलेल्या लेकराला सोडायचा नाही, आणि दिवसा गोठ्याच्या कुडाला बसून राहायचा. हिवताप विभागाची माणसं डास मोजायला पहाटे गोठ्यातच यायची. हातात बॅटरी, तोंडात काचेची नळी. भिंतीवरचा डास नळीत ओढून घ्यायचे आणि एका माणसाला तासाभरात किती सापडले ते लिहायचे. गावातली माणसं हसायची. पण त्या आकड्यावरून साथ येणार की नाही हे कळायचं.

फवारणीवाले आले ते मात्र कुणाला हसू आलं नाही. देश स्वतंत्र झाला तेव्हा भारतात दरवर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप होतो आणि आठ लाख मरतात असा अंदाज होता. डीडीटी कीटक मारते हे पॉल म्युलर या स्विस शास्त्रज्ञानं १९३९ मध्ये शोधलं. महायुद्ध संपताना ती आपल्याकडं आली आणि मुंबई इलाख्यात डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी धारवाड-कारवारच्या खेड्यांत घरांच्या भिंतींवर ती मारून बघितली. ताप झपाट्यानं कमी झाला. त्या अनुभवाच्या पायावर १९५३ मध्ये देशाचा हिवताप नियंत्रण कार्यक्रम उभा राहिला. आम्ही तेव्हा हैदराबाद राज्यात होतो. १९५६ मध्ये मुंबई राज्यात आलो, १९६० मध्ये महाराष्ट्रात. राज्यं बदलली, फवारणी चालू राहिली.

माझ्या वडिलांना, आम्ही अण्णा म्हणायचो, पहिली फवारणी चांगली आठवायची. दोन माणसं, बादलीत पांढरं पाणी, बादलीत उभा केलेला पंप. एकजण दांडा मारायचा, दुसरा भिंतीवर नळी फिरवायचा. घरातली भांडी, पीठ, पाणी सगळं अंगणात. गोठा, माजघर, न्हाणी, सगळ्या भिंतींवर पांढरा पापुद्रा बसायचा. डास रक्त पिऊन जड झाला की भिंतीला टेकतो. तिथं पापुद्रा पायाला लागला की मरतो. डास येऊ द्यायचा पण म्हातारा होऊ द्यायचा नाही, अशी ती युक्ती. पंपवाल्यांना बारा दिवसांचा हिशेब ठाऊक नसेल, पण सगळा कार्यक्रम त्याच हिशेबावर उभा होता.

गावानं फवारणीचं स्वागत केलं ते डासांमुळं कमी आणि ढेकणांमुळं जास्त. पहिल्या वर्षी ढेकूण साफ झाले. म्हाताऱ्या माणसांना कैक वर्षांनी गाढ झोप लागली. पुढं चार-पाच वर्षांत ढेकूण परत आले आणि औषधाला दाद देईनात. मग बायका म्हणायला लागल्या, "ढेकूणसुद्धा मरत न्हाई, मच्छर कसला मरतो? पाणीच मारूलालेत हे." फवारणीवाले दिसले की घराला कुलूप. देवघरात मारू द्यायचं नाही, बळदाच्या खोलीत मारू द्यायचं नाही. आणि दसरा आला की घर सारवायचं, पोतेरं फिरवायचं. सरकारनं भिंतीवर चढवलेलं औषध घरातली लक्ष्मी शेणामातीखाली गाडून टाकायची, तेही साथीच्या ऐन महिन्यात. घर स्वच्छ ठेवणाऱ्या बाईला यात दोष कसा द्यायचा? तिला कुणी समजावून सांगितलं नव्हतं.

तरीही त्या काळातलं यश खोटं नव्हतं. १९५८ मध्ये कार्यक्रमाचं नाव बदलून 'निर्मूलन' झालं आणि ते नाव शोभेल असे दिवस खरंच आले. १९६५ च्या सुमाराला सगळ्या देशात वर्षाला एक लाखच रुग्ण नोंदले गेले आणि मृत्यू नाही. साडेसात कोटींवरून एक लाख. माझा जन्म त्याच काळातला. आजीची पहिली दोन लेकरं गेली त्या घरात, त्याच गोठ्याशेजारी आम्ही पाच भावंडं वाढलो आणि पाचही जगलो. आम्ही जगलो ते नवसानं, असं आजी म्हणायची. मी त्यात पांढऱ्या पापुद्र्यालाही वाटा देतो.

त्या दिवसांची खूण म्हणजे दाराशेजारच्या भिंतीवरचा छापा. दर पंधरवड्याला हिवतापाचा कर्मचारी यायचा. ताप आला का कुणाला, विचारायचा. आला असेल तर बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, क्लोरोक्विनच्या गोळ्या द्यायचा आणि भिंतीवर तारीख टाकून पुढच्या घराला जायचा. आम्ही पोरं त्याला बघून माळवदावर पळायचो. आज वाटतं, कुणी आजारी नसताना पंधरा दिवसांनी दारात येऊन विचारपूस करणारा सरकारी माणूस खेड्यानं त्याआधी पाहिला नव्हता.

मग घसरण झाली. डीडीटीला दाद न देणारे डास पश्चिम भारतात १९५० च्या दशकाच्या शेवटालाच दिसायला लागले होते. रोग गेला असं समजून लक्ष कमी झालं, पैसा कमी झाला, औषध वेळेवर येईना. १९७६ मध्ये देशातल्या रुग्णांचा आकडा ६४ लाखांवर गेला. १९७७ मध्ये सरकारनं सुधारित योजना आणली. रोग मुळासकट उपटण्याऐवजी त्याला आवरून धरायचं, मरणं थांबवायची, असं तिचं धोरण. नंतर 'निर्मूलन' हा शब्दच पाटीवरून उतरला. नियंत्रण, निर्मूलन, विरोधी कार्यक्रम. पाट्या बदलत गेल्या त्यातूनच सगळी कथा वाचता येते.

आमच्या भागात त्याच वर्षांत आणखी एक गोष्ट झाली. पैठणला जायकवाडीचं धरण झालं. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं. डावा कालवा दोनशे किलोमीटरहून लांब, तो परभणी जिल्ह्यात आला. पुढं आमच्या सेलू तालुक्यातच निम्न दुधना धरण झालं. पाण्याला मी नावं ठेवणार नाही. ज्यानं बहात्तरमध्ये खडी फोडली त्याचा मुलगा पाण्याला नावं ठेवत नसतो. पण पाटाच्या पाझरानं शेतं चिबडली, चाऱ्यांच्या कडेनं डबकी साचली आणि जो डास पूर्वी पावसाच्या भरवशावर होता त्याला उन्हाळ्यातही ओल मिळाली. जिथं पाणी जातं तिथं डासाचंही पंचांग बदलतं. धरणाच्या नकाशावर ते कुणी काढत नाही.

आता दुसऱ्या डासाकडं येतो. तोच आजचा खरा प्रश्न आहे. हा एडिस. काळा, पायांवर पांढरे पट्टे, दिवसा चावणारा. याला ओढा नको, विहीर फारशी नको. याला घर पाहिजे. रांजण, हौद, टाकी, कूलर, फुटका माठ, टायर, फ्रीजमागची तबकडी. मादी पाण्याच्या काठाला, भांड्याच्या आतल्या अंगाला अंडी चिकटवते. भांडं वाळलं तरी अंडी महिनोन् महिने मरत नाहीत. पाणी पडलं की फुटतात. हिवतापाचा डास दुष्काळात दमतो. हा दमत नाही, कारण दुष्काळात माणूस पाणी साठवतो.

बहात्तरच्या दुष्काळानंतर, १९७३ मध्ये, सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला चिकुनगुन्याची मोठी साथ आली होती. पाण्यासाठी वणवण करणाऱ्या मुलखात भांडी कशी भरून ठेवली असतील हे आम्हाला कुणी सांगायला नको. मग तो रोग तीस-बत्तीस वर्षं जणू विसरला गेला. २००५ च्या शेवटाला आणि २००६ मध्ये तो परतला आणि मराठवाड्यात गावंच्या गावं आडवी झाली. सांधे असे धरले की धडधाकट गडी भिंतीला धरून चालायचे. पेरणीला माणूस मिळेना. म्हातारी माणसं म्हणायची, असा ताप पाहिला नाही. पाहिला नव्हताच. हा आजीच्या पंचांगातला ताप नव्हता.

त्याच डासाचा दुसरा ताप डेंगी. काही वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतलं नववीतलं एक पोरगं डेंगीनं गेलं. चार दिवस ताप, पाचव्या दिवशी ताप उतरला म्हणून घरचे निश्चिंत झाले. डेंगीत धोका ताप उतरतानाच असतो. सहाव्या दिवशी पोरगं खचलं. त्याला घेऊन तीन दवाखाने फिरले. त्या घरावर काय आलं ते मी लिहीत नाही.

तेराव्यानंतर गल्ली पेटली. पहिला राग निघाला तो आडावर आणि बारवेवर. "जुनं पाणी साचूलालंय, तिथंच मच्छर व्हतो, बुजवा समदं." ही मागणी नवी नाही. मुंबईत १९११ च्या सुमाराला डॉ. बेंटली यांनी हिवतापाची चौकशी केली तेव्हा घरोघरच्या विहिरी दोषी ठरल्या आणि त्या बंद करा असा आग्रह सुरू झाला. त्या वेळी धर्माला उघड्या विहिरीचं पाणी लागतं म्हणून अनेकांनी विरोध केला. मग काही ठिकाणी जाळीच्या झाकणावर तडजोड झाली. तिथं गुन्हेगार खरोखर विहिरीतला डास होता. आमच्या गल्लीत तसं नव्हतं.

गावातल्या पोरांनी मेहनत करून बारवेतला गाळ-कचरा काढला होता, दगड धुतले होते. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मी त्या बैठकीत एवढंच म्हणालो, "पोरगं ज्या डासानं गेलं तो बारवेत नसतो, तो आपल्या न्हाणीत असतो. फार लांब उडतसुद्धा नाही. शे-दोनशे मीटरच्या आतच त्याचं घर असतं. आधी आपापली भांडी बघू." मला एकजण म्हणाला, "काका, तुमी बारवेवाल्यांची बाजू घिऊलालाव." मग आशाताई बॅटरी घेऊन पुढं झाल्या. त्यांच्याबरोबर आम्ही सात-आठजण घरोघर गेलो. बावीस घरं बघितली, पंधरा घरांत अळ्या निघाल्या. रांजणात, प्लास्टिकच्या टाकीत, कोंबड्यांच्या पाण्याच्या परळात, गच्चीवरच्या जुन्या टायरात. पाण्यावर बॅटरी मारली की अळ्या वळवळत खाली जात. बायकांनी त्या रोज पाहिलेल्या होत्या. कुणाला पाण्यातले किडे वाटले होते. तेच पंख फुटून बाहेर येतात, हे त्या दिवशी अनेकींनी पहिल्यांदा ऐकलं. बारवेत वाकून बघितलं तेव्हा तिथंही थोड्या अळ्या होत्या, पण त्या पाण्याला समांतर आडव्या पडलेल्या. ती ॲनोफिलिसची खूण. डेंगीच्या अळ्या पाण्यात डोकं खाली करून तिरप्या लोंबतात. बारव निर्दोष नव्हती, पण या गुन्ह्यात तिचा हात नव्हता.

बारवेत मग गप्पी मासे सोडले. बोटाच्या पेराएवढा मासा, दिवसाला कितीतरी अळ्या खातो. खर्च काही नाही. आजवर बारव बुजवलेली नाही. घरातल्या भांड्यांसाठी आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करून, घासून, उन्हात वाळवायचा 'कोरडा दिवस' ठरला. घासायचं यासाठी की अंडी काठाला चिकटलेली असतात, नुसतं ओतून जात नाहीत. आठवडा यासाठी की अंड्याचा डास व्हायला आठवडा लागतो. धूर सोडणारी गाडी मागवा असाही आग्रह होता. धुरानं उडते डास त्या संध्याकाळपुरते मरतात, रांजणातल्या अळीला कळतसुद्धा नाही.

कोरडा दिवस दोन महिने चांगला चालला. मग एका माउलीनं मला अडवून विचारलं, "भाऊ, नळ आठ दिवसाला येतो. न्हाई आला तर बाराला. शनिवारी रांजण रिकामा करा म्हन्ता, अन् आयतवारी प्यावं काय?" तिच्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही नाही. झाकण लावा, फडकं बांधा, असं सांगता येतं आणि ती ते करतेही. पण जोवर नळ रोज येत नाही तोवर तिच्या घरात साठवलेलं पाणी राहणारच आणि डासाला घर मिळणारच. डेंगीचा हंगाम आता आभाळ ठरवत नाही, नळाची चावी ठरवते.

सांडपाण्याचं मात्र गावाच्या हातात आहे. गटारीतला डास, क्युलेक्स, शिमग्याच्या सुमाराला फार वाढतो. आपल्या नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावानं त्याच्यावर साधा उपाय केला. घरोघरी चार फुटी शोषखड्डा, त्यात भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड-खडी. सांडपाणी जमिनीत, गटार नाही, गटारीतला डास नाही. भूजलालाही मदत. आमच्याकडं आतापर्यंत काही घरांनी केलंय. काही जण म्हणतात अंगण खराब होतं. त्यांच्या दारातली गटार मी त्यांना दाखवत असतो.

इतिहास लिहिणाऱ्याला शेवटी हिशेब द्यावा लागतो. आमच्या घरानं हिवतापाला तिघं दिली आणि नंतर एकही दिलं नाही. हा फरक औषधानं पडला, पंधरवड्याला दार ठोठावणाऱ्या माणसानं पडला, आणि डास म्हातारा होऊ द्यायचा नाही या एका समजेनं पडला. डेंगीचं तसं औषध अजून नाही. त्याच्यावर अंडं, अळी आणि आठवडा यांचा हिशेबच चालतो. परवा गावातल्या शाळेत मला बोलावलं होतं तेव्हा मी पोरांना काचेच्या बाटलीत अळ्या दाखवल्या. सातवीतल्या एका पोरीनं वहीत तारीख लिहिली, बाटलीच्या तोंडाला जाळीचं फडकं बांधलं आणि ती खिडकीत ठेवली. सहाव्या दिवशी तिचा निरोप आला, "काका, तीन उडाले. आमच्या घरचा रांजण मी मोजून दर पाचव्या दिवशी घासते. आईला पाणी शेजारून मागून आणावं लागतं, पण घासते."